सकाळी सव्वासहाचा सूर्यास्त

काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. सगळं गाव तिच्या पश्चिम काठावर बसलेलं, आणि समोर नुसती रेती. त्यामुळे घाटांची तोंडं पूर्वेकडे. सूर्य उगवतो तो नदीवर आणि मावळतो तो आपल्या पाठीमागे, वाड्यांच्या आणि गल्ल्यांच्या आड. संकठा घाटावर बसून सूर्यास्ताचा फोटो काढता येत नाही, ही साधी गोष्ट मला २००५च्या कार्तिकात कळली. नवाकोरा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मी आईला आणि मावशीला घेऊन काशीला गेलो होतो. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘सनसेट’ होतं. ‘सनराइज’ कुठेच नव्हतं. मग सकाळी सव्वासहाला, समोर रेतीवरून लाल गोळा वर येत असताना, मी ‘सूर्यास्त’ लावला. फोटो झकास आले.

यायलाच हवे होते. एरवी कॅमेरा पांढऱ्याला पांढरं ठेवायच्या खटपटीत असतो आणि सकाळचा तांबूसपणा ही चूक समजून धुऊन टाकतो. ‘सूर्यास्त’ लावला की तो ही दुरुस्ती थांबवतो, उलट लालीला थोडा हात देतो. सूर्य वर चाललाय की खाली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तेव्हापासून पुढची अठरा-एकोणीस वर्षं, चार-पाच खेपांत, मी याच एका घाटावर कॅमेऱ्याचे हे प्रसंगानुसार आधीच ठरवलेले तयार मोड वापरत आलो. दशाश्वमेधाइतकी गर्दी इथे नसते, आणि मराठी माणसाला शेजारही ओळखीचा. नदीकडे तोंड करून बसलं की उजव्या हाताला शिंदे घाट, डाव्या हाताला गंगामहाल आणि त्याच्या पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. मागे पायऱ्या चढून गल्लीत गेलं की संकठा देवीचं देऊळ. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी बांधवला आणि तो स्वतःच्याच वजनाने खचला. तिथून जवळच पाण्यात कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ. ‘लँडस्केप’ लावून त्याचा सुरेख फोटो काढला आणि घरी दाखवला, तर पहिली प्रतिक्रिया ‘कॅमेरा सरळ धरायचास ना जरा!’ अशी.

या मोडांचं मूळ डिजिटलच्या आधीचं आहे. १९८८ साली मिनोल्टाने ७०००आय हा रिळाचा कॅमेरा काढला, त्यात छोटी कार्डं घालता येत. खेळाचं वेगळं कार्ड, पोर्ट्रेटचं वेगळं, आणि प्रत्येक कार्ड विकत घ्यायचं. म्हणजे ‘धावणारं मूल’ हा प्रसंग दुकानात मिळत असे. १९९०च्या कॅनन ईओएस १०ची तऱ्हा याहून मजेदार होती. त्याच्याबरोबर नमुना-फोटोंचं पुस्तक मिळे, फोटोजवळ बारकोड छापलेला असे. हवा तसा फोटो पुस्तकात शोधायचा, बारकोडवरून वाचक-कांडी फिरवायची, आणि मग कॅमेरा तशा मांडणीने तयार. पुढे हे सगळं डायलवर आलं: बाईचं डोकं, डोंगर, फूल, धावणारा माणूस, चांदणीखालचा माणूस. कॅननच्या माहितीपुस्तिकांत या चित्रांच्या बाजूला ‘बेसिक झोन’ म्हणत आणि आकडे स्वतः ठरवायच्या अक्षरांच्या बाजूला ‘क्रिएटिव्ह झोन’. कॅमेरा क्लबातली मंडळी चित्रांच्या बाजूला कधी फिरकत नसत. महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांवर तर ही चित्रं नसतच. मी मात्र पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा मालक, माझं सगळं चित्रांवर चाललेलं.

कॉम्पॅक्ट कॅमेरे स्वस्त होत गेले तशी मोडांची यादी फुगली. कॅसिओने त्याला ‘बेस्ट शॉट’ नाव दिलं आणि प्रत्येक मोडचा नमुना-फोटो पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. यादी तीसच्या आसपास पोचली. बर्फ, समुद्रकिनारा, आतषबाजी, पार्टी, मत्स्यालय, झाडांची पालवी, जेवणाचं ताट, मुलं-पाळीव प्राणी, अगदी लिलावाच्या संकेतस्थळावर टाकायच्या वस्तूचा फोटोसुद्धा. पॅनासोनिकच्या ‘बेबी’ मोडात बाळाची जन्मतारीख भरली की फोटोबरोबर त्याचं वय नोंदलं जाई. यादी वाचताना एक विशिष्ट कुटुंब डोळ्यांसमोर उभं राहतं: सुट्टीत बर्फात जाणारं, कुत्रा पाळणारं, घरी पार्टी करणारं. त्या यादीत धूर नव्हता, ओला दगड नव्हता, कढईतली कचौडी नव्हती, पाच हात रुंदीची गल्ली तर नव्हतीच.

गल्लीचं तर मोठं दुखणं होतं. संकठा देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या बोळात उजेड फक्त वरून पडतो. माणसाच्या कपाळावर ऊन आणि डोळ्यांत अंधार. फ्लॅश मारला तर चेहरा पिठासारखा. ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी, १९५६च्या सुमारास, बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं तेव्हा छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून त्यावरून परावर्तित प्रकाश खाली आणला होता. वरून झिरपणारा हा उजेड किती नाजूक असतो हे त्या माणसाला ठाऊक होतं. माझ्या कॅमेऱ्यात त्याला नाव नव्हतं. मी ‘म्युझियम’ लावायला शिकलो: फ्लॅश बंद. निकॉनच्या कॅमेऱ्यांत या मोडात एक सोय असे. बटण दाबून धरलं की एकापाठोपाठ दहापर्यंत फोटो निघत आणि त्यातला सर्वांत कमी हललेला तेवढा ठेवला जाई. ज्याने ही कल्पना काढली त्याचे हात माझ्यासारखेच थरथरत असणार.

पुढच्या खेपेला पौषात गेलो. धुकं असं की शेजारच्या घाटाच्या पायऱ्याही दिसेनात, आणि होड्या अधांतरी टांगल्यासारख्या. फोटो मात्र सगळे मळकट राखाडी. कॅमेऱ्याचं मीटर जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची आहे असं धरून चालतं, तेव्हा पांढरंशुभ्र काही समोर आलं की ते त्याला करड्यावर ओढून आणतं. बर्फाचंही तसंच होतं, म्हणून ‘स्नो’ मोड मुद्दाम जास्त उजेड आत घेतो. काशीत बर्फ पडत नाही, पण त्या दिवशी मी दोन तास ‘स्नो’वर होतो. त्याच खेपेला ‘स्पोर्ट्‌स’ने दगा दिला. थंडीत नदीवर सायबेरियन पक्षी येतात, नावाडी ‘आओ आओ’ करत शेव उधळतात आणि पक्ष्यांचा थवाच्या थवा होडीवर झेपावतो. वेगवान शटर मोड लावत असे, पण त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यांत बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत अंतर पडे. माझ्याकडे गंगेच्या पाण्याचे, त्यात पक्षी नसलेले, अठ्ठावीस फोटो आहेत. ‘पोर्ट्रेट’चंही फार कौतुक करू नये. मोठ्या कॅमेऱ्यात तो भिंगाचं तोंड उघडून मागचं धूसर करी. करंगळीच्या नखाएवढ्या सेन्सरला ते जमणारं नव्हतं. तिथे ‘पोर्ट्रेट’ म्हणजे कातडीचा रंग जरा मऊ, बस.

एका मोडला मात्र मी नावं ठेवणार नाही: ‘डॉक्युमेंट’. २००५च्या त्या पहिल्याच खेपेला आईने तीर्थोपाध्यायांचं घर शोधून काढलं. गुरुजींनी आमच्या गावच्या यात्रेकरूंची वही काढली. आजोबांची सही बाळबोधीत, पणजोबांची मोडीत, शाई उडून जांभळट झालेली, पान चहाच्या रंगाचं. “घ्या की फोटो, पण फ्लॅश नको,” गुरुजी म्हणाले. मी ‘डॉक्युमेंट’ लावला. हा मोड कागद पांढरा आणि अक्षर काळं करतो, मधलं सगळं उडवून टाकतो. घरी कॉम्प्युटरवर पान उघडलं तर अक्षर प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ. पानाचं म्हातारपण तेवढं गेलं होतं. मला हळहळ वाटली, आईला काडीचीही नाही. “मला पान कशाला हवंय, दादांची सही हवी होती,” असं म्हणून तिने त्याचे सहा प्रिंट काढून भावंडांना वाटले. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं. मोड लावायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरवावं लागे, आणि तिने ते ठरवलेलं होतं. मी नव्हतं.

कार्तिकातल्या रात्रींनी मला फोटोग्राफी शिकवली, असं म्हटलं तरी चालेल. या महिन्यात घाटांवर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप ठेवतात. पौर्णिमेला देवदीपावली, थोडं पुढे पंचगंगा घाटावर अहल्याबाईंचा म्हणून ओळखला जाणारा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ उजळतो. ‘कँडल’ने पणतीचा पिवळेपणा राखला. ‘नाइट’ने शटर जवळपास सेकंदभर उघडं ठेवलं, आणि होडीतून काढलेला प्रत्येक दिवा गांडुळासारखा वळवळत आला. मग होडी सोडली. कॅमेरा संकठा घाटाच्या दगडी पायरीवर टेकवला, खाली रुमालाची घडी, दोन सेकंदांचा टायमर, आणि श्वास रोखून बाजूला. त्याहून मजा ‘फायरवर्क्स’ची. या मोडात फोकस लांबवर बांधलेला आणि शटर दोन-चार सेकंद उघडं, त्यामुळे नदीत सोडलेले द्रोणातले दिवे वाहत जाताना रेघा होऊन उमटले. प्रत्येक फोटोच्या माहितीत शटरचा आकडा, छिद्राचा आकडा असायचा. रात्री धर्मशाळेत बसून मी ते आकडे वहीत उतरवले. कुठल्या नावामागे कोणता आकडा आहे ते हळूहळू लक्षात येत गेलं, आणि क्लबातल्या मंडळींच्या ‘अक्षरांच्या बाजूला’ मी असा मागच्या दाराने शिरलो.

एका ठिकाणी कुठलाच मोड चालत नाही. संकठा घाटावरून होडी दक्षिणेला वळली, शिंदे घाट मागे पडला की मणिकर्णिका, चिता जळत असतात तो घाट. नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, “बाबूजी, अब कैमरा नीचे रख लीजिए।” मावशीने माझ्याआधी माझा हात खाली केला. पुढे दर खेपेला मी तिथे आपणहून कॅमेरा पिशवीत टाकत आलो. आता मात्र शेजारच्या होड्यांतून उंचावलेले फोन दिसतात.

मोड जाणार हे खरं तर २००७-०८मध्येच दिसायला हवं होतं. २००७ साली पॅनासोनिकने ‘इंटेलिजंट ऑटो’ आणलं, पाठोपाठ सोनीचं दृश्य ओळखणारं तंत्र आलं. समोर चेहरा आहे, फूल आहे की रात्र आहे, हे कॅमेराच ठरवणार. चेहरा ओळखणारा फोकस निकॉनने २००५मध्येच दिला होता. २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, तो कळस होता. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. तीस-तीस प्रसंगांची यादी देणाऱ्या कॅसिओने २०१८मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेरे बंद केले. त्याच वर्षी गूगलच्या फोनांत ‘नाइट साइट’ आलं, पुढच्या वर्षी आयफोनमध्ये रात्रीचा मोड. आता फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, जुळवतो आणि अंधारातला घाट तुमच्यापुढे लखलखीत ठेवतो.

फोन सोयीचा आहे. माझाही खिशात असतो. पण त्याच्या रात्रीवर माझा विश्वास नाही. गेल्या खेपेला रात्री दहाला संकठा घाटावर बसलो होतो. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आलेत, तरी पायऱ्यांचा खालचा भाग चांगलाच काळोखात होता. फोनच्या फोटोत तिथली प्रत्येक पायरी, शेवाळासकट, मोजता येत होती. मी पाहिलं नव्हतं ते सगळं त्यात होतं, आणि मी ज्यासाठी तिथे बसलो होतो तो काळोख नव्हता. जुना कॅमेरा ‘नाइट’मध्ये गचाळ फोटो काढायचा, दाणेदार, कोपरे काळे. रात्र मात्र रात्रच दिसायची.

गंमत म्हणजे भाचीने मागच्या दिवाळीत माझं कपाट उचकून तो कॅमेरा शोधून काढला. तिच्या कॉलेजात म्हणे जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आहे. डायल फिरवत ती विचारत होती, “मामा, हे फूल कशाला? आणि हा कुत्रा?” समजावून सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे फोटो काढायच्या आधी त्याला सांगायचं, काय काढतोय ते?” हो म्हटलं. तिला ते विलक्षण वाटलं. दिवसभर ती घरात फिरून मांजराला कोणता मोड लावू, आकाशकंदिलाला कोणता, असं मलाच विचारत राहिली. आकाशकंदिलाला तिने आपल्या मनाने ‘सूर्यास्त’ लावला. मी काही बोललो नाही, फोटो छान आला होता.

तुमच्याही कपाटात असा कॅमेरा पडून असेल तर आधी उघडून आतले सेल काढा. ते गळतात आणि त्यांच्या रसाने पत्रे गंजतात. माझे पत्रे सँडपेपरने घासावे लागले. नवे सेल घाला, तारीख लावा. आणि कार्तिकात काशीला जाणार असाल तर संकठा घाटावर सहाच्या आत पोचा, सूर्य सव्वासहाला वर येतो.