खच्ची बैलाच्या कागदाची किंमत

बैल खच्ची केला कीं त्याच्या वंशावळीचा प्रश्न संपला, मग कागद कशाला, असें आमच्या भद्रावतीकडील पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतात. ज्याच्यापासून पैदास व्हावयाची नाहीं त्याच्या आईबापांची नोंद दाखवून दाम वाढत नाहीं, हें खरें; पण तेवढ्यावरून सगळेच कागद रद्दी ठरविणें चुकीचें होय.

चंद्रपूर-गडचिरोलीकडील आपल्या लहान चणीच्या कठाणी जातीची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनें केली आहे. ही नोंद जातीची आहे, तुमच्या गोठ्यांतील अमक्या बैलाची नव्हे. तिच्या बळावर जादा दाम मागणाऱ्यास शहाणा गिऱ्हाईक हंसेल.

त्याला हवें असतें तें वय. दोन दांती, चार दांती, सहा दांती इथपर्यंत दांत खरें सांगतात. पण बैल जुळला कीं पुढें तो सहा वर्षांचा कीं नऊ, हें दांतांच्या झिजेवरून अदमासानेंच ठरवावें लागतें. शिंगें तासून आणि रंगवून म्हातारा तरणा करणारे महाभागही बाजारांत असतातच! अशा वेळीं कानांतील बिल्ल्याचा १२ आंकडी क्रमांक कामास येतो. त्यावरून मालक, वय व लसीकरण यांची नोंद पाहतां येते. मात्र बिल्ला वासरूपणींच लावलेला असावा. जुळल्यावर लावला तर त्यांतील वयही अदमासाचेंच.

अमेरिकेंत ३४ इंचांपर्यंतच्या बुटक्या घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था १९७८ सालीं निघाली. तिच्या वहींत खच्ची घोडेही नोंदले जातात. पैदाशीसाठीं नव्हे, तर वय, उंची व ओळख पटावी म्हणून.

आपल्याकडे तर कायद्याचीही गोष्ट आहे. मार्च २०१५ पासून राज्यांत बैलांच्या कत्तलीस बंदी आहे, त्यामुळें गाडींतून बैल नेणाऱ्याची वाटेंत चौकशी होऊं शकते. बाजाराची पावती जवळ नसेल तर सरळ शेतकऱ्याचीही अडचण होते. शिवाय १ जून २०२४ पासून बिल्ल्यावांचून जनावरांची खरेदी-विक्री करूं नये असा राज्याचा नियम झाला.

माझ्याच जोडीची हकीकत सांगतों. एका बैलाचा बिल्ला तुटून पडला होता. नवा लावून घेण्याचा मीं कंटाळा केला. धानाच्या मुलखांतून आलेल्या गृहस्थांनीं बैल चालवून पाहिले, खुर पाहिले, चिखलणीला चांगले म्हणाले, आणि बिल्ला नाहीं म्हणतांच रिकाम्या हातीं परत गेले. पुढचे कित्येक दिवस मीं ती जोडी फुकट पोसली.

विकतांना पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक, रंग व शिंगांची ठेवण लिहवून घ्यावी, आणि नोंदींतील मालकाचें नांव त्याच आठवड्यांत पशुवैद्यकीय दवाखान्यांतून बदलून घ्यावें. नाहींतर दुसऱ्याच्या दावणीचा बैल कागदोपत्रीं आपल्याच नांवावर राहतो.