खनिज तेल, उत्तर अमेरिकेतील : उत्पादन व मागणी

पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांनी १८५९ मध्ये खोदलेल्या विहिरीपासून अमेरिकी तेलउद्योगाचा प्रारंभ मानतात. कॅनडात मात्र हा मान आँटॅरिओतील १८५८ च्या विहिरीला देतात. ईस्ट टेक्सस क्षेत्राच्या शोधानंतर (१९३०) तुटवड्यापेक्षा अतिउत्पादनाचीच चिंता अधिक होती. भाव कोसळू नयेत म्हणून टेक्सस रेल्वे आयोग विहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालीत असे. त्यामुळे शिल्लक राहणारी क्षमता अडचणीच्या वेळी उपयोगी पडे.

संयुक्त संस्थानांतील उत्पादन १९७० च्या सुमारास कळस गाठून उतरू लागेल, असे भाकीत भूभौतिकीविज्ञ एम्. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये केले. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. पण १९७० मध्ये उत्पादन दररोज सु. ९६ लाख पिंपांवर (१ पिंप = सु. १५९ लि.) पोहोचले व मग घटू लागले. १९७२ मध्ये आयोगाने पूर्ण क्षमतेने उत्पादनास मुभा दिली, तरी ते वाढेना. राखीव क्षमता संपली होती. म्हणूनच १९७३ च्या अरब निर्यातबंदीत भाव जवळजवळ चौपट झाले.

महागाई, मंदी व मोटारींच्या इंधनवापरासंबंधीचा १९७५ चा कायदा यांमुळे मागणी १९७८ मधील दररोज सु. १८८ लाख पिंपांवरून १९८३ मध्ये सु. १५२ लाखांवर आली. तेल स्वस्त होताच ती पुन्हा वाढली. अलास्कातील तेलाने (नळमार्ग, १९७७) उत्पादनाची घट केवळ लांबविली. २००८ मध्ये ते सु. ५० लाख पिंपे होते.

त्यानंतरचे वळण हबर्ट यांच्या गणितात नव्हते. शेल खडकात आडवे वेधन करून पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडली असता खडकास भेगा पडून तेल वाहू लागते. या पद्धतीने २०१८ मध्ये १९७० चा उच्चांक मागे पडला. २०२३ ची सरासरी सु. १२९ लाख पिंपे होती. अशा विहिरींचे उत्पादन मात्र पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने घटत असल्याने सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात.

कॅनडात अल्बर्टातील तैलवाळूमुळे उत्पादन वाढत गेले. मेक्सिकोत कँतारेल क्षेत्र २००४ नंतर ओसरले. संयुक्त संस्थानांची मागणी २००५ मधील सु. २०८ लाख पिंपांनंतर फारशी वाढलेली नाही. तेथील अनेक शुद्धीकरण कारखाने जड तेलासाठी बांधलेले असून शेलमधील तेल हलके असते; त्यामुळे निर्यात करीत असतानाही हा देश कॅनडाचे जड तेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो.