फळ, धन-ऋण आणि वार

उज्जैनच्या जयसिंगपुऱ्यातल्या वेधशाळेचा 1923 साली शिंदे सरकारने जीर्णोद्धार केला आणि तिची सूत्रं गोविंद सदाशिव आपटे यांच्या हाती आली. वेध घेणारे आपटे करणग्रंथही लिहीत, ‘सर्वानंदकरण’ त्यांचंच. करणग्रंथ म्हणजे पंचांगकर्त्याला पायरीपायरीने ग्रहाचं स्थान काढून देणारी पोथी. प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांनी ती जरूर उघडावी. एका प्रक्रियेने दुसरीला काय सोपवायचं आणि तिच्याकडून काय परत घ्यायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न तिथे कसून हाताळलेला आहे.

मराठी पंचांगकर्त्यांचा जुना आधार म्हणजे असाच एक करणग्रंथ, ‘ग्रहलाघव’. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ते शके 1442, म्हणजे 1520 साली रचलं. त्यातलं गणित उज्जैनच्या मध्यरेखेचं. पुणे त्या रेखेच्या पश्चिमेला सुमारे 1 अंश 55 कला, म्हणजे पावणेआठ मिनिटं. हा फरक देशांतर-संस्कार म्हणून वेगळा द्यायचा. गाव बदललं तरी मूळ गणिताला हात लावायचा नाही.

पहिली प्रक्रिया अहर्गणाची, म्हणजे उलटलेल्या दिवसांची. शके 1947 चा गुढीपाडवा घ्या. 1947 मधून 1442 वजा जाता 505. त्याला 11 ने भागलं की अकरा वर्षांची चक्रं 45, बाकी 10. दहा वर्षांचे 120 महिने, त्यात 6 अधिकमास मिळवून 126. तीसने गुणून 3780. चक्रांचा सहावा भाग 7 मिळवून 3787. यातून चौसष्टावा भाग, 59, वजा केला की 3728. आता वार तपासायचा. चक्रांची पाचपट 225 मिळवली, सातने भागलं, बाकी 5. सोमवार शून्य धरून मोजलं तर शनिवार येतो. पण 30 मार्च 2025 ला, पाडव्याला, रविवार होता! म्हणून अहर्गणात एक मिळवायचा: 3729. स्थूल भागाकारांमुळे एका दिवसाची चूक होऊ शकते हे गृहीतच आहे, आणि ती ओळखण्याची खूण उत्तरातूनच निघते. सी भाषेत फाइल उघडली नाही तर फंक्शन रिकामा पत्ता परत देतं. मागणाऱ्याने तो पाहिलाच नाही, तर पुढचं सगळं कोसळतं. वार न पाहता पुढे जाणाऱ्या गणिताचंही तेच होईल.

मग मंदफळ, म्हणजे ग्रहाच्या मध्यम (सरासरी) स्थानाला द्यायची दुरुस्ती. ते नुसता आकडा म्हणून परत येत नाही. केंद्र, म्हणजे ज्या कोनावरून ते काढतात तो, मेषादि (पहिल्या सहा राशींत) असेल तर धन, तुलादि (पुढच्या सहांत) असेल तर ऋण. सूर्याचं मंदफळ दोन अंशांच्या थोडं वर जातं. चिन्ह हरवलं तर चूक दुप्पट, चार अंशांहूनही जास्त होऊ शकते. एखादी संक्रांत चार दिवसांपर्यंत सरकेल.

मंगळासारख्या ग्रहांना शीघ्रफळ ही आणखी एक दुरुस्ती लागते, आणि ती दोनदा काढावी लागते. पहिल्या खेपेला निम्मं घेऊन त्यावरून मंदफळ काढायचं, ते मध्यम ग्रहाला द्यायचं, मग नव्या केंद्रावरून शीघ्रफळ पूर्ण घ्यायचं. शीघ्रफळाचं कोष्टक दोन्ही वेळा तेच. निम्मं की पूर्ण, हे मागणाऱ्याने ठरवायचं. कोष्टकाला ते ठाऊक असायचं कारण नाही. मला यातली ही कामाची वाटणी सर्वांत मोलाची वाटते.

गणकाला एक अडचण कधीच आली नाही: कोष्टकातून परत कुठे यायचं हे त्याच्या ध्यानातच असे. केंब्रिजच्या एडसॅक संगणकाला 1949 साली ते सांगावं लागलं. डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली. बोलावणाऱ्या प्रोग्रामने उडी घेण्याआधी स्वतःची जागा सांगणारी आज्ञा संचायकात (अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये) ठेवायची. उपप्रक्रियेने तीवरून परतीची उडी तयार करून आपल्याच शेवटच्या ओळीत लिहायची, आणि मगच कामाला लागायचं.