बादली, घड्याळ आणि डोंगरातला झरा

काळी नदी उगम पावते ती कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातच, दिग्गीजवळ. सुपा येथे तिला अडवणारे धरण 101 मीटर उंच आहे. जुने सुपा गाव त्याच पाण्याखाली गेले. पण हे अफाट पाणी दरीत, आणि वाड्या वर रानात विखुरलेल्या. अशा वाडीचे खरे भांडवल म्हणजे घरांच्याही वर, डोंगराच्या कुशीत वाहणारा झरा.

या भांडवलाची मोजदाद करायला इंजिनिअर लागत नाही. पंधरा लिटरची बादली झऱ्याखाली धरा आणि घड्याळ बघा. मे महिन्यात ती एका मिनिटात भरली, तर दिवसाला 21,600 लिटर पाणी झाले! झरा रात्रीही झोपत नाही, फक्त ते पाणी साठवायला टाकी हवी. आता साठ घरांची, तीनशे माणसांची वाडी समजा. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे माप ठरवले आहे. म्हणजे गरज 16,500 लिटरची. बादलीला ऐंशी सेकंद लागू लागले की तूट सुरू. पाणीयोजनेच्या आराखड्याचे पहिले पान एवढेच.

दुसरी नवलाई उंचीची. दर दहा मीटर उतारामागे पाण्याला चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. झरा चाळीस मीटर वर असेल, तर पाणी पाइपातले घर्षण सोसूनही जोराने नळाला येते. तेच पाणी दरीतून चाळीस मीटर चढवायला साधारण पंपाला रोज साडेचार युनिट वीज लागली असती. डोंगर ती फुकट देतो.

मग खर्च कशाचा? माणसाचा आणि झिजेचा. हिशेबापुरते आकडे धरू: वॉटरमनला महिना 3,000, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर आणि पाणी तपासणीला 500, दुरुस्तीला 1,500, पुढेमागे पाइप बदलायला राखीव 1,000. एकूण 6,000, घरटी शंभर रुपये. पंधरा घरांनी ही पाणीपट्टी थकवली की दीड हजारांचा खड्डा पडतो आणि पहिला घास जातो त्या राखीव रकमेचा. पाणी चालूच असते, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. जाणवते ते दहा वर्षांनी, पाइप फुटल्यावर. कितीतरी नळयोजना अशाच, पाणी असूनही, बंद पडतात.

म्हणूनच पट्टी कधी गोळा करायची हेही आराखड्यातच लिहायला हवे. इथल्या कुणबी घरांत पैसा दरमहा येत नाही. भात झोडल्यावर, मुडलीसारखे कंद विकल्यावर येतो. वर्षाची पट्टी तेव्हाच एकरकमी घ्यावी, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्याही गावाला झरा असेल, तर येत्या मे महिन्यात बादली आणि घड्याळ घेऊन तिथे एकदा जाऊन या. किती सेकंद लागले ते ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवा.