व्होल्टेज वाटेत खर्च होतं

उमरी तालुक्यात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झालं की एक तक्रार शिवारभर ऐकू येते: लाइट आहे, पण व्होल्टेज नाही. स्टार्टरवरचा काटा तीनशेच्या आसपास अडकतो, मोटार नुसती घुमते, पाइपाच्या तोंडाला धार धरत नाही आणि चार दिवसांत वाइंडिंग जळून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. नांदेड-लातूरच्या कुठल्याही शिवारात हीच कथा आहे. यावर सर्वसाधारण समज असा की वीज वरूनच कमी दाबाने सोडली जाते. काही वेळा ते खरंही असतं. पण पुष्कळदा डीपीतून, म्हणजे शिवारातल्या रोहित्रातून, व्होल्टेज पुरेसं निघतं आणि विहिरीपर्यंतच्या तारेत खर्च होऊन जातं. दुखणं नेमकं कुठं आहे हे कळल्याशिवाय उपाय नीट मागता येत नाही, आणि ते कळायला शाळेच्या पुस्तकातला एकच नियम पुरतो.

जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग सायमन ओहमने १८२५-२६ मध्ये जे प्रयोग केले ते मुळात तारांच्या लांबीचेच होते. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब चालू असतानाच उतरत जाई, त्यामुळे मोजमाप ठरत नसे. म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचे जोड घेतले, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं, आणि तापमानातल्या या फरकातून एक स्थिर दाब मिळवला. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला. तार लांबली की प्रवाह घटतो, हे त्याने आकड्यांत मांडलं आणि १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं. मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये. नियम इतकाच की तारेच्या दोन टोकांमधला दाब म्हणजे तिच्यातला प्रवाह गुणिले तिचा रोध. रोध लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. गोदावरीवरून शेतात पाणी आणणारा शेतकरी अंतर सांगून मगच पाइप किती इंची घ्यायचा ते ठरवतो, कारण लांब आणि अरुंद पाइपात पाण्याचा जोर मरतो. तारेचंही तसंच आहे, पण डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो विचारून पाहू. आपल्याकडच्या विजेच्या तारांना प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. त्यांपैकी वीझल या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम असतो. पाच एचपीची थ्री फेज मोटार पूर्ण भारावर साधारण ७ अँपिअर घेते. किलोमीटरभर लांबीच्या तारेच्या शेवटी अशा दहा मोटारी एका वेळी चालल्या तर प्रत्येक फेजमधून ७० अँपिअर जातील आणि वाटेतच जवळजवळ ६४ व्होल्ट संपतील. डीपीवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २४० व्होल्ट असले तरी शेवटी १७६ उरतील. दोन फेजांमध्ये मोजले तर ४१५ चे सुमारे ३०५. मोटारी तारेवर समान अंतरावर विखुरलेल्या असतील तर घट निम्मी होते, तरी शेवटच्या विहिरीला ३६० च्या आसपासच मिळतात. घोषित दाबात सहा टक्क्यांहून जास्त फरक पडू नये, असं भारतीय विद्युत नियमांत १९५६ पासून लिहिलेलं होतं. त्या हिशेबाने ३९० च्या खाली काटा जायलाच नको. खात्री करायची तर शेजारच्या सगळ्या मोटारी बंद असताना स्टार्टरवरचं व्होल्टेज पाहावं आणि सगळ्या चालू असताना पुन्हा पाहावं. बंद असताना काटा चारशेच्या वर आणि चालू असताना तीनशेवर येत असेल, तर एवढा दाब मधल्या वाटेवर खर्ची पडला हे तिथेच सिद्ध होतं.

आता एक रास्त आक्षेप. ओहमच्या नियमाने दाब घटला की प्रवाहही घटायला हवा. मग कमी व्होल्टेजवर मोटार थंड राहण्याऐवजी जळते का? बल्ब किंवा हिटरची कॉइल खरोखरच मंदावते. मोटार मात्र नुसता रोध नाही. फिरत असताना तिच्या वाइंडिंगमध्ये उलट दिशेचा दाब तयार होतो आणि पुरवठ्याच्या दाबाला तोच बराचसा अडवून धरतो. म्हणून चालत्या मोटारीत प्रवाह मर्यादेत राहतो. सुरू होण्याच्या क्षणी तो अडसर नसतो, तेव्हा हीच मोटार पाच-सहा पट प्रवाह खेचते. पुरवठ्याचं व्होल्टेज २० टक्क्यांनी घटलं तर मोटारीचा पीळ, म्हणजे टॉर्क, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ६४ टक्क्यांवर येतो. पाणी तर तितक्याच खोलीवरून उचलायचं असतं. रोटर मंदावतो, घसरतो, आणि तेवढंच काम निभावण्यासाठी मोटार जास्त प्रवाह घेते: ढोबळमानाने ७ ऐवजी पावणेनऊ अँपिअर. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती दीडपटीच्या वर जाते आणि तारेवरचं इन्शुलेशन भाजू लागतं. शिवाय हा वाढलेला प्रवाह त्याच तारेतून येतो, म्हणजे घट आणखी वाढते. शेजाऱ्याची मोटार आपली मोटार जाळते ती अशी, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. गेलेली वीज परत येताच ऑटोस्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात तेव्हा तर पाच-सहा पटीचा प्रवाह एकाच तारेवर येतो. त्या झटक्यात कुणालाच धड सुरू होता येत नाही आणि डीपीचा फ्यूज उडतो. मग जाड तार टाकून फ्यूज बांधला जातो. फ्यूजची बारीक तार स्वतः वितळून रोहित्राला वाचवते; ती जाड केली की जळायची पाळी रोहित्रावर येते आणि भर हंगामात अख्खं शिवार अंधारात राहतं.

मग मोठी डीपी का बसवू नये? मागणी बहुधा हीच असते, आणि रोहित्रावर खरोखर जास्त भार असेल तिथे ती योग्यही आहे. पण ६३ केव्हीएच्या जागी १०० चं रोहित्र आलं तरी पुढची तार तीच, तिचा रोध तोच. रोहित्राचा टॅप वाढवला तर शेवटच्या विहिरीला थोडं जास्त मिळेल. मात्र मोटारी बंद असताना डीपीजवळच्यांना ते गरजेपेक्षा जास्त होईल. कॅपॅसिटरने प्रवाह काही प्रमाणात घटतो. तो स्वस्त आहे आणि प्रत्येकाच्या हातातला आहे, म्हणून लावलाच पाहिजे. वीझलच्या जागी रॅबिट ओढली तर रोध सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, पण खर्च आणि खांबांवरचा भार वाढतो.

सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे दाब वाढवून प्रवाह कमी करणं. ७० अँपिअर ४१५ व्होल्टवर जी शक्ती नेतात, तीच ११,००० व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअरमध्ये जाते, आणि तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सातशे पटीने घटते. उच्चदाब वितरण प्रणालीचं, एचव्हीडीएसचं, तत्त्व हेच: ११ केव्हीची तार थेट शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांसाठी १० किंवा १६ केव्हीएचं छोटं रोहित्र तिथेच बसवायचं. महाराष्ट्रात शेतीपंपांसाठी ती २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. तिच्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. जोडणीमागे खर्च फार येतो, आणि इतकी छोटी रोहित्रं पंप बंद असतानाही थोडी वीज खात राहतात. तरीही मला ती पटते. ११ केव्हीवर वीजचोरीचा आकडा टाकता येत नाही, आणि एक रोहित्र बिघडलं तर एक-दोन विहिरी थांबतात, शिवार थांबत नाही. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळू लागेल, आणि रात्रीबेरात्री पाणी धरणाऱ्याला तिची नितांत गरज आहे. पण या योजनेतला सौर प्रकल्प उपकेंद्राजवळ असतो. डीपीपासून विहिरीपर्यंतचा शेवटचा किलोमीटर त्याने बदलत नाही. म्हणून अर्जात ‘व्होल्टेज वाढवून मिळावे’ एवढंच न लिहिता डीपीपासून शेवटच्या विहिरीचं अंतर, तारेचा प्रकार, मोटारींची संख्या आणि त्या बंद-चालू असतानाचं व्होल्टेज लिहावं. इतके आकडे समोर आल्यावर अभियंत्याला गुणाकार करावाच लागतो.