मंजुघोषा आणि बोरघाट : पहिल्या अद्भुत कादंबरीची वाट

गेल्या पावसाळ्यात कामशेतचा एक तरुण चार वह्या घेऊन माझ्याकडे आला. कारखान्यात पाळीवर काम करतो, सुट्टीच्या दिवशी लिहितो. वह्यांत कादंबरी होती. लोहगडाच्या विंचुकाट्याखाली एक राज्य आहे आणि तिथला राजा दर अमावास्येला वर येतो, अशी गोष्ट. तो म्हणाला, "काका, छापायची आहे. पण सगळे म्हणतात, असले काल्पनिक कशाला? भोवतालचे लिही. तुम्हाला काय वाटते?"

मी साहित्याचा पदवीधर नाही. लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जायचे आणि ग्रंथालयात जुनी पुस्तके वाचायची, एवढीच माझी संशोधनाची पद्धत. त्यामुळे उत्तर देण्याआधी, मराठीत ज्यांनी अशा गोष्टी प्रथम लिहिल्या त्यांना हा प्रश्न कसा पडला होता ते पाहावे, असे ठरवले.

मराठीतील कादंबरीचा आरंभ गमतीदार आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. त्यात विधवांची दुःखे होती. म्हणजे सुरुवात भोवतालापासूनच झाली. पण लगेच वाट बदलली. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, कपटी कारस्थाने, ताटातूट आणि शेवटी मीलन, असा हा अद्भुतरम्य कादंबरीचा जमाना पुढे बरीच वर्षे चालला. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी भाषेतील सुरस गोष्टीही मराठीत येत होत्या. कादंबरी हा शब्दसुद्धा आपण बाणभट्टाच्या संस्कृत कथेच्या नावावरून घेतला. नव्याने लिहू पाहणाऱ्यासमोर नमुने होते ते असे.

पण रिसबुडांनी केवळ नमुना गिरवला नाही. अद्भुत का लिहिले, याचे कारण त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे आणि माझ्या मते ती प्रस्तावना कादंबरीपेक्षाही मोलाची आहे. तिचा आशय असा : आपल्या लोकांतील लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुण नाहीत आणि दोषही नाहीत. रोजचे अनुभव लिहावेत तर त्यांत रंजक काही सापडत नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग पडते.

ही पळवाट नव्हे, अडचण आहे. प्रेमकथेला दोन माणसांनी एकमेकांना पाहणे, निवडणे, वाट बघणे लागते. मुलीचे लग्न आठ-दहा वर्षांची असताना उरकले जाई, तेही वडीलधाऱ्यांनी ठरवलेले. तिथे नायिका आणायची कुठून? निवड करू शकणारी मुलगी हवी असेल तर ती राजकन्याच असायला हवी आणि तिचे राज्य नकाशात नसलेलेच बरे. समाजाने जे दार बंद केले होते, ते रिसबुडांनी कल्पनेत उघडले.

तरीही भोवताली काहीच नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. पदमनजींना अकरा वर्षे आधी त्याच लग्नाच्या चालीत कादंबरीचा विषय सापडला होता. रिसबुडांना जिथे काही घडताना दिसत नव्हते, तिथे पदमनजींना केशवपन केलेल्या मुली दिसल्या.

दुसरा पुरावा आमच्या मावळातला. 'मंजुघोषा' निघण्याच्या पाचच वर्षे आधी, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तोवर प्रवाशाला खाली उतरून डोलीने, तट्टावर किंवा बैलगाडीने घाट चढावा लागे आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरावी लागे. सुमारे १८०० फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगल झाली. पटकीच्या साथीत माणसे मोठ्या संख्येने दगावली. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. डोंगर फोडून आगगाडी वर चढते आणि त्या कामाचे कंत्राट एका विधवेच्या नावावर असते. याहून अद्भुत काय हवे? पण लिहिणारे आणि डोंगर फोडणारे एका पंगतीला बसत नव्हते. म्हणून घाट कादंबरीत आला नाही.

पुढे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' येऊ लागली आणि साध्या घरातली यमू स्वतःची कहाणी सांगू लागली. रिसबुडांची अडचण सुटली होती. मग अद्भुत संपायला हवे होते. ते संपले नाही.

द्वारकानाथ माधव पितळे हा मुंबईचा शिकारीचा शौकीन तरुण. सिंहगडावर शिकारीला गेला असता कड्यावरून पडला आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. अंथरुणावर त्याने वाचायला घेतले, मग लिहायला. नाथमाधव या नावाने त्याची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. अद्भुतरम्य 'वीरधवल' १९१३ ची. घोडेस्वार, कारस्थाने आणि साहसे यांनी भरलेली ती कादंबरी स्वतःच्या पायांवर उभे राहू न शकणाऱ्या माणसाने लिहिली आहे, हे आज ती वाचणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. भोवताली विषय नाही म्हणून नाथमाधव अद्भुताकडे गेले नाहीत. 'डॉक्टर'सारख्या सामाजिक कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या, आणि पुढे शिवकालावरच्या स्वराज्य-मालेतून ते मावळच्या डोंगरांत परतले. तोवर वास्तव आणि अद्भुत या दोन्ही वाटा लेखकाला मोकळ्या झाल्या होत्या, आणि नाथमाधवांनी दोन्ही चालून पाहिल्या.

दिवाळीआधी तो तरुण पुन्हा आला. मी त्याला सांगितले, "राजा राहू दे. पण विंचुकाट्याखालच्या राज्यात दगड कोण फोडतो, पाणी कोण भरते, मुलींची लग्ने कोण ठरवते, ते मला तुझ्या वह्यांत सापडले नाही. ते लिही." छापण्याची घाई करू नको, हेही सांगितले. पदरचे पैसे घालून काढलेल्या माझ्या पुस्तिकेचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. ती कुणालाही वाचून न दाखवता मी छापायला टाकली होती. आधी चार जणांना मोठ्याने वाचून दाखव. ऐकणारा कुठे चुळबुळतो, तिथे खूण कर. मग प्रकाशकाकडे जा.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, माझे पणजोबा बोगद्याच्या कामावर होते, असे आजी सांगायची."

मी त्याला एक कोरी वही दिली.