विशाखेचे दान आणि भगिनींच्या संस्था

विनयपिटकात श्रावस्तीच्या विशाखा महाउपासिकेची एक हकीकत आहे. विशाखा श्रीमंत होती. संघासाठी पूर्वाराम विहार तिनेच बांधून दिला. परंतु एके दिवशी तिने तथागतांकडे आठ वर मागितले आणि त्यांत इमारतीचा एकही नव्हता. भिक्खूंना पावसाळी वस्त्रे, बाहेरगावाहून येणाऱ्याला भोजन, प्रवासास निघणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला पथ्याचे अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, औषध, रोजची पेज आणि भिक्खुणींना स्नानवस्त्रे. हे सारे आपल्याला आयुष्यभर देऊ द्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

यातील शुश्रूषा करणाऱ्याच्या भोजनाचे कारण तिने स्वतः सांगितले आहे. तो स्वतःसाठी भिक्षेला गेला, तर आजाऱ्याला अन्न मिळायला उशीर होईल. म्हणजे जो दुसऱ्याची काळजी घेतो, त्याची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न विशाखेने अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला. सातारा-सांगली भागात स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांपुढे आज हाच प्रश्न आहे.

पैसा कशाला लागतो?

जत किंवा माण तालुक्यातील एखादी भगिनी मारहाणीला कंटाळून मुलासह जिल्ह्याच्या गावी येते. संस्थेची कार्यकर्ती तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात आणि मग कोर्टात जाते. तारखा पडत राहतात. एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाचे भाडे, वीजबिल आणि कार्यकर्तीचे मानधन असा हा खर्च आहे. त्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला व २००६ साली लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमाने स्वयंसेवी संस्थांना सेवा देणाऱ्या संस्था म्हणून नोंदणी व अधिकार दिले. मात्र या कामाच्या खर्चाची तरतूद त्या कलमात नाही.

देणगीदाराला सहसा दाखवता येईल अशी वस्तू हवी असते. शिलाई यंत्रे दिली की फोटो निघतो, खोली बांधली की नावाची फरशी बसते. कार्यकर्तीच्या सहा महिन्यांच्या मानधनावर कोणाचे नाव कोरायचे? म्हणून यंत्रे मिळतात आणि ती शिकवणारी बाई मिळत नाही. मानधन थकले की कार्यकर्ती दुसरी नोकरी धरते. तिला दोष देता येत नाही, तिलाही घर आहे. पण पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात ती भगिनी एकटी उभी असते. तडजोड कर म्हणणारे मात्र चौघे जण तिच्याभोवती असतात. संस्थेच्या निधीची टंचाई ही शेवटी कोणाच्या वाट्याला येते, ते येथे दिसते.

आणखी एक अडचण आहे. साताऱ्यात १९९० साली अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळ स्थापन केले. गर्भलिंगनिदान करणाऱ्यांवर सापळे लावून खटले उभे करण्याचे काम या मंडळाने लेक लाडकी अभियानातून केले. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या, यावरून या कामाची निकड कळेल. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या पुरस्काराने देशपांडे यांचा गौरव झाला. परंतु असे काम ज्यांच्याविरुद्ध उभे राहते, ते पुष्कळदा गावातील वजनदार लोक असतात, आणि मोठी देणगी मागायला जावे तर तीही त्यांच्याच दारी!

दूरच्या पैशाची मुदत

दूरचा पैसा आपली मुदत आणि आपली अट घेऊन येतो. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळा काढल्या. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांच्या वर्गण्या आटल्या, सरकारी मदत थांबली, चालकांत मतभेदही झाले आणि त्या शाळा टिकल्या नाहीत. परमपूज्य बाबासाहेबांनाही १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले.

अटीचे उदाहरण सांगलीचेच आहे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या सांगलीच्या संग्राम संस्थेला अमेरिकी सरकारच्या निधीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञा मान्य करण्याची अट आली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर एड्स प्रतिबंधाचे काम उभे आहे, त्यांनाच ही प्रतिज्ञा दुखावील, म्हणून संस्थेने २००५ साली तो निधी नाकारला. आम्रपालीचे भोजन तथागतांनी स्वीकारले होते, हे जाणणाऱ्या आपल्या समाजाला त्या नकाराचा अर्थ समजावून सांगायला नको.

परकीय निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरातील संस्थेमार्फत तालुक्यातील छोट्या मंडळाला मिळणारा पैसा त्यामुळे बंद झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले, हे चांगलेच झाले. पण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही तोच कायदा म्हणतो. दुष्काळी तालुक्यात मोठ्या कंपन्या किती?

जवळचा पैसा

मग उपाय काय? म्हसवडच्या स्त्रियांनी एक वाट दाखविली. चेतना गाला सिन्हा यांच्यासह त्यांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मात्र बँकेचा पैसा व्याजासह परत करावा लागतो. शेळी घेणाऱ्या बाईला तो उपयोगी पडतो. कोर्टात तारखा मोजणाऱ्या बाईसाठी दानच लागते.

ते दान थोडे पण नियमित असावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ते एकदाच देता येतात. पण रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड घरोघरच्या मायमाउल्यांनी दळणातून काढलेल्या मूठभर धान्यावर चालला. बाबासाहेबांनीही १९५६ साली नागपूरला उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निर्धार करावयास सांगितले. विसावा भाग आज जड वाटत असेल, तर निदान हिशेब करून पाहू. शंभर कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये होतात. तेवढ्यात एका कार्यकर्तीला दरमहा दहा हजार मानधन देता येते, आणि एक कार्यकर्ती टिकली की तिच्या हातातील सगळे खटले टिकतात. जयंतीच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला आपण याहून कमी देत नाही.

संस्थांनीही दर पौर्णिमेला जमा-खर्च वाचून दाखवावा, कारण विश्वास नसेल तेथे दान फार दिवस चालत नाही. विद्यार्थ्यांकडे पैसा नसेल, पण विद्या आहे. हिशेबवह्या लिहिणे, संगणकावर अर्ज भरणे, अनुदानाचे प्रस्ताव नीट मराठीत व इंग्रजीत मांडणे, ही कामे आठवड्याच्या दोन तासांत होतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जवळची एखादी महिला संस्था गाठावी आणि काय करू, एवढे विचारावे.

विशाखेने आठ वर मागितले ते घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी. आपण त्यांतील एक, शुश्रूषा करणाऱ्याच्या भोजनाचा, उचलू या. सरकारकडे आणि कंपन्यांकडे हक्काने मागत राहूच. पण तो पैसा येईपर्यंत तारखेला उभ्या असलेल्या आपल्या भगिनीजवळ कोणीतरी असलेच पाहिजे.